येत्या पाच वर्षांत

टक्कल, मधुमेह आणि कॅन्सर या तीन गोष्टी वर्तमानपत्रांत कायम ‘येत्या पाच वर्षांत’ बऱ्या होणार असतात. त्यातला पहिला विषय माझ्या डोक्याचाच असल्यामुळे मी अशी एकही बातमी सोडत नाही.

पाचाचा आकडा मोठा धोरणी. दोन म्हणावं तर लोक लक्षात ठेवतात, दहा म्हणावं तर पान उलटतात. पाच वर्षांत बातमीदाराने नोकरी बदललेली असते आणि अंक रद्दीवाल्याने नेलेला असतो. दोन म्हणण्याचं धाडस १९८४ साली अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी केलं. एड्सचा विषाणू सापडल्याचं जाहीर करताना, लस साधारण दोन वर्षांत चाचणीला तयार होईल, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. परिणामकारक लस अजून यायची आहे. आल्या त्या रोज घ्यायच्या गोळ्या, आणि त्यांच्या जोरावर माणसं म्हातारी होऊ लागली.

पण या प्रकारातली माझी सर्वांत लाडकी बातमी ३ मे १९९८ची, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावरची. बोस्टनचे डॉ. ज्यूडा फोकमन यांचं म्हणणं साधं होतं : कॅन्सरच्या गाठीला वाढायला रक्त लागतं, तेव्हा तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या फुटूच द्यायच्या नाहीत, म्हणजे ती उपाशी मरेल. अँजिओस्टॅटिन आणि एंडोस्टॅटिन या दोन द्रव्यांनी उंदरांच्या गाठी खरोखरच विरल्या होत्या. त्या बातमीत नोबेलविजेते जेम्स वॉटसन यांच्या तोंडी एक वाक्य होतं, की फोकमन दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार. नंतर वॉटसननी त्याच वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं, की ते बोलणं आपल्याला निराळंच आठवतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ही औषधं बनवू पाहणाऱ्या एंट्रेमेड कंपनीचा शेअर शुक्रवारी १२ डॉलरवर होता, तो सोमवारी ८५वर उघडला आणि संध्याकाळी ५२च्या आसपास स्थिरावला. डॉक्टरांचे फोन रुग्णांनी घणघणवले, ते वेगळंच.

गंमत पुढेच आहे. हेच संशोधन पाच महिने आधी ‘नेचर’मध्ये छापून आलं होतं, ‘टाइम्स’नेही आतल्या पानावर दिलं होतं, आणि तेव्हा एवढा गदारोळ काही झाला नव्हता. औषध तेच, उंदीर तेच, फक्त पान बदललं. फोकमन बिचारे सांगतच होते, की कॅन्सर झालेला प्राणी उंदीर असेल तर आम्ही त्याची उत्तम काळजी घेऊ. (उंदरांइतकी वैद्यकीय प्रगती दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली असेल असं वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या घुशींकडे पाहून तर खात्रीच पटते.)

पुढे माणसांवरच्या चाचण्यांत एंडोस्टॅटिनने निराशा केली. पण कल्पना खोटी नव्हती. रक्तवाहिन्या रोखणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ साली आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. त्याने आयुष्य वाढलं ते सरासरी काही महिन्यांनी. आणि मग ते डोळ्यांत शिरलं! डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे उगवणाऱ्या, पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ते चांगलंच लागू पडलं. आज आपल्याकडच्या नेत्रालयांत बाकावर ओळीने बसलेले आजी-आजोबा दिसतात. सिस्टर येऊन पुन्हा पुन्हा थेंब घालते, ‘डोळा मिटून बसा हं काका,’ म्हणते, आणि काका डोळ्यात सुई जाणार या कल्पनेने दोन्ही डोळे गच्च मिटून बसतात. आत गेल्यावर काम मिनिटाभराचं. त्यातल्या कितीतरी सुयांमध्ये हेच औषध असतं. १९९८च्या त्या मथळ्यात या काकांचा मागमूसही नव्हता.

भविष्य चुकलं म्हणून मी वर्तमानपत्रांवर रागावत नाही. रोजचं राशिभविष्य कुठे बरोबर येतं? राग येतो तो फोनचा. घरात केमो चालू असते, ताटातला भात तसाच राहिलेला असतो, आणि नात्यातलं कोणीतरी कळवळून सांगतं, ‘अहो, औषध निघालंय म्हणे, पेपरात आलंय!’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणाऱ्याची ती रात्र मात्र इंटरनेट धुंडाळण्यात जाते.

संपादकांना एक विनंती आहे. राशिभविष्याशेजारी आठवड्यातून एकदा छोटी चौकट द्या : पाच वर्षांपूर्वी आम्ही ज्या औषधाची बातमी दिली होती, त्याचं पुढे काय झालं. आणि वाचकहो, आजाऱ्याच्या घरी फोन लावण्याआधी बातमी शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचा. चाचणी उंदरांवर झाली की माणसांवर, हे बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.