चार वाजताचा राजेशाही चहा
इंग्लंडातला दुपारच्या चहापानाचा थाट सुरू झाला तो भुकेपोटी. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना मारिया यांना रात्रीच्या उशिराच्या जेवणापर्यंत दम निघेना, म्हणून त्या आपल्या खोलीतच चहा आणि पाव-लोणी मागवू लागल्या, असं सांगतात. तेच खूळ आता आपल्या सोसायट्यांत शिरलंय. फक्त भूक कोणालाच नसते.

तीन मजली स्टँड. खाली काकडीचं सँडविच, मधे स्कोन, वर इवलेसे केक. रीत खालून वर खायची. पोरं वरून सुरुवात करतात आणि तळमजल्यापर्यंत पोचतच नाहीत. काकडीच्या चकत्या मग सोफ्याच्या फटीत सापडतात. ‘बेटा, शेअर कर ना,’ हे आई दोनदा मधाळ आवाजात म्हणते, तिसऱ्यांदा दातओठ खात. बोन चायनाचे कप मोठ्यांना, मुलांना स्टीलचे पेले, एवढं एक शहाणपण मात्र अजून शिल्लक आहे.

चहा? तो केव्हाच गार झाला. यजमानीणबाई ओट्याशी उभ्यानेच तो उकळून घेतात, आलं ठेचून. तोवर ग्रुपवर फोटो गेलेले असतात, आणि खाली लगेच उत्तर: ‘पुढच्या शनिवारी आमच्याकडे. थीम, राजवाडा!’