राक्षस सगळ्याच वाटांवर

शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्याला नाटक लिहायचं होतं पण बाईंनी पडदा ओढायला उभं केलं, तोच मोठेपणी डीएम होतो, असा माझा पक्का समज आहे. डीएम म्हणजे डंजन मास्टर. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसून एकेक सोंग घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजा, राक्षस, खाणावळवाला, पाऊस आणि दैव, हे खातं एकट्या डीएमकडे. पुण्यात हा गृहस्थ आठवडाभर आयटीत असतो आणि रविवारी चार वाजता पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे बसतो. आडोशाच्या अलीकडे चिवडा आणि आपण; पलीकडे वीस बाजूंचा फासा, पेन्सिल आणि त्याची गुपितं.

या डीएमचा जन्मजात पंथ संहितेचा. त्याच्या फायलीत पूर्ण कथा तयार असते: पहिल्या रविवारी दरोडा, दुसऱ्या रविवारी राजवाडा, गणपतीच्या आत ड्रॅगन. खलनायकाचं स्वगत त्याने ऑफिसच्या मीटिंगमध्ये माइक म्यूट करून लिहिलेलं असतं आणि ते खरोखर चांगलं असतं. पण ते कुणीही पूर्ण ऐकलेलं नाही. "मूर्खांनो, तुम्हाला वाटलं..." इथवर तो पोचतो आणि आमच्यातला धनुर्धर म्हणतो, "मी बाण मारतो." "अरे, तो बोलतोय!" "म्हणूनच. बेसावध आहे." फासा पडतो, वीस येतात, आणि एका होतकरू नाटककाराच्या पोटात बाण घुसतो.

एकदा त्याने रस्त्यावरच्या हल्ल्यासाठी चार गॉब्लिन आणले होते. मारून टाकायचे आणि पुढे राजवाड्यात जायचं, एवढंच त्यांचं काम. तिघे मेले. चौथ्याला आमच्या चोरणीने पकडलं आणि विचारलं, "नाव काय रे तुझं?" आता जो पुढच्या मिनिटाला मरणार त्याचं बारसं कोण करून ठेवतं? डीएमची नजर भिंतीवर गेली. "काल..." तो म्हणाला, "कालनिर." भिंतीवर कालनिर्णय होतं. झालं! कालनिरला आई आहे का, त्याच्या गुडघ्याला काय झालं, त्याला खिचडी चालेल का, यात संध्याकाळ गेली. राजकन्या स्वयंवराची माळ घेऊन राजवाड्यात तिष्ठत राहिली. आठ वाजता डीएमच्या आईने दारातून विचारलं, "मेला का रे तुझा राक्षस? पानं घेऊ का?" त्याने नुसती मान हलवली. होकार की नकार, कळलं नाही.

संहितापंथीयांचं माहेर १९८४च्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेत. ट्रेसी हिकमन, मार्गारेट वाइस आणि मंडळींनी खेळासाठी सलग महाकथा रचली, त्याच वर्षी कादंबरीही काढली. कथेला पुढे लागणारं पात्र मध्येच मेलं तर करायचं काय? उपाय असा सांगितला होता की मरण शक्यतो संदिग्ध ठेवा, प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे पुढच्या भागात त्याला परत आणता येईल. मराठी मालिका बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

कालनिर प्रकरणानंतर आमच्या डीएमने पंथ बदलला. माणूस धर्मांतर केल्यावर जितका कडवा होतो तितका तो झाला. "यापुढे कथा नाही. फक्त जग. तुम्ही जाल तिकडे खेळ." मग इतिहासाचे दाखले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तीन पुस्तिकांची पेटी काढली, तेव्हा रानात भटकण्यासाठी अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या भलत्याच खेळाचा नकाशा वापरायला सांगितला होता. म्हणजे मूळ धर्म भटकण्याचाच, संहिता हे मागाहूनचं कर्मकांड! शिवाय बेन रॉबिन्सची 'वेस्ट मार्चेस'. तिथे ठरलेली कथा नाही, ठरलेली वेळ नाही, ठरलेली टोळीही नाही. कधी खेळायचं आणि कुठे जायचं ते खेळाडूंनीच ठरवायचं. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही चिवड्यातले शेंगदाणे निवडत होतो.

त्याने षट्कोनांच्या कागदावर खंड काढला. नद्या, खिंडी, पडके किल्ले. कुठल्या षट्कोनात काय भेटेल याचे तक्ते, पाऊस फाशावर, भुतं फाशावर. पश्चिमेच्या एका किल्ल्याची तर सात पिढ्यांची वंशावळ तयार होती. रविवारी तो मागे रेलून म्हणाला, "तुम्ही गावात आहात. सकाळ आहे. काय करता?"

कुणीच काही करेना. इतका वेळ शांतता या टेबलावर कधी झाली नव्हती. माणसाला स्वातंत्र्य दिलं की तो आधी भाव विचारतो. आमच्यातल्या सीएने, जो सोंगाने धर्मयोद्धा आहे, दोरखंडाची किंमत विचारली. मग शेजारच्या गावातली. मग फरक. तासाभरात आम्ही दोरखंडाचे घाऊक व्यापारी झालो होतो आणि कालनिर गल्ल्यावर बसला होता. पश्चिमेचा किल्ला सात पिढ्यांसकट तसाच पडून. डीएमने गावात म्हातारा आणला, त्याने थरथरत्या आवाजात किल्ल्याची दंतकथा सांगितली. सीए म्हणाला, "आजोबा, तिकडे दोराला मागणी कशी आहे?"

आता तो तिसऱ्या अवस्थेत आहे, आणि माझ्या मते या जातीचा माणूस इथेच पिकतो. वरकरणी रान मोकळं. डावीकडे जा, उजवीकडे जा, मर्जी तुमची. पण राक्षस त्याने एकच तयार केलेला असतो, आणि तुम्ही कुठलीही वाट धरा, तो त्याच वाटेवर बसलेला असतो. जाणकार याला 'क्वांटम ओगर' म्हणतात आणि फसवणूक म्हणून नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे. निवडीला अर्थ नसेल तर विचारता कशाला? मला हे पटतं, पण टेबलावर बसल्यावर पटत नाही. परवा आमचा मांत्रिक शेवटच्या घटका मोजत होता. डीएमने आडोशामागे फासा टाकला, आकड्याकडे बघितलं, आवंढा गिळला, फासा मुठीत झाकला आणि म्हणाला, "हुकला! राक्षसाचा सोटा खांबावर बसला." काय पडलं होतं ते त्याला ठाऊक आणि त्या पुठ्ठ्याला. मांत्रिकाने मात्र त्या रात्री घरी जाऊन बायकोला झोपू दिलं नाही, म्हणे.

शुद्ध रानपंथी डीएमचं प्रेम नकाशावर असतं, शुद्ध संहितापंथीयाचं स्वगतावर. आडोशामागे खोटं बोलणाऱ्याला समोर बसलेल्यांची काळजी असते. मी त्याच्याकडेच खेळतो.

तेव्हा असा कुणी रविवारी चारचं बोलावणं करील तर वेळेवर जा. तेलकट हात नकाशाला लावू नका. आणि तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला की उत्तरेच्या खिंडीत काहीतरी हललं, तर दोरखंडाचा भाव विचारत बसू नका. उठा आणि बघून या. त्याने शनिवारची रात्र त्यावर घालवलेली असते.