तुळिंजची स्वयंसिद्ध प्रवेशबंदी
कमी-उत्सर्जन क्षेत्र म्हणजे ठरावीक मानकापेक्षा अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांना शुल्क किंवा दंड लावणारी शहरी हद्द. लंडनने ती २००८ साली अवजड मालमोटारींपासून आरंभली आणि मग बसगाड्यांनाही लावली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये महानगर प्रदेशात केवळ सीएनजी व विजेवरची वाहने ठेवता येतील का, हे तपासण्यासाठी समिती नेमली, आणि वसई-विरार त्याच प्रदेशात मोडत असल्याने तुळिंजही या चिंतनाच्या कक्षेत आले. नालासोपारा पूर्वेच्या या भागात मात्र रिक्षा, बस, टँकर आणि फेरीवाले रस्ता असा वाटून घेतात की अवजड वाहनांना प्रवेशबंदी अधिसूचनेवाचूनच लागू होते. अडचण एवढीच, की बंदीपूर्वी आत शिरलेला टँकर इंजिन चालू ठेवून तिचे पालन करतो.