गुरुवारचे मच्छिंद्रनाथ

लाईट गेली की काही माणसं आधी खिडकीशी जातात. समोरच्या बिल्डिंगीतही अंधार दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. काही जण ‘फ्रीज उघडू नका’ असं ओरडतात आणि आत काय काय आहे ते स्वतः उघडून बघतात. काही खाली मीटरच्या खोलीत जातात, तिथे काहीच करत नाहीत आणि बरंच काही करून आल्याच्या चेहऱ्याने परत येतात. एक जमात मात्र अंधार बघत नाही, ऐकते. दिवाणखान्यातली बुडबुड थांबली की हा माणूस जेवणावरून उठतो. हा फिश टँकवाला.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त झालेले. सोसायटी त्यांना मच्छिंद्रनाथ म्हणते. ते त्यांना माहीत आहे, आणि मनातून आवडतंही. त्यांच्या हॉलमध्ये चार फुटी टँक आहे. नुसतं पाणीच अडीचशे लिटर, म्हणजे अडीचशे किलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हा हिशेब ऐकल्यापासून आपला सोफा भिंतीकडे सरकवलाय.

पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची ती गुरुवारी, ही जुनी रीत. सकाळी गेलेली लाईट कधीकधी थेट दिवेलागणीलाच उगवते. म्हणून मच्छिंद्रनाथांकडे बुधवारी रात्रीपासून माशांचं खाणं बंद. कारण साधं आहे. खाल्लेलं पचवायला माशाला जास्त प्राणवायू लागतो, शिवाय त्याच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तो खाऊन टाकणारे जिवाणू राहतात फिल्टरमध्ये. फिल्टर बंद, तर तेही आजारी. उलट एखाद-दोन दिवस उपाशी राहून धडधाकट माशाचं काहीही बिघडत नाही. मच्छिंद्रनाथांची आई स्वतः दत्ताचा गुरुवार करते. सुरुवातीला तिला हा टँक म्हणजे घरात आणलेलं अमंगळ वाटायचं. मासे गुरुवारी काही खात नाहीत हे कळल्यावर तिचं मत बदललं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने सांगते, ‘आमचे मासे गुरुवार करतात हो!’ शेजारच्या एका भाबड्या आजींनी उद्यापन कधी आहे, असंही विचारून घेतलं.

बॅकअपची त्यांची साधना तांब्यापासून सुरू झाली. लाईट गेली की तांब्याने टँकचं पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत टँकमध्येच सोडायचं. प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. बुडबुड्यांचं मुख्य काम तो पृष्ठभाग हलता ठेवण्याचं. हे त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्यांदा समजावलंय की सोसायटीतली पोरं शाळेत श्वसनसंस्थेच्या धड्यातही हेच लिहून येतात. तांब्याच्या पाळ्या लावलेल्या असत. मुलगा, मुलगी, मग सून. दारात कुरिअरवाला आला तर सही मागायच्या आधीच त्याच्या हाती तांब्या जाई.

मग मोठ्या सेलवर चालणारा पंप आला. तो गेल्या दिवाळीपासून कपाटातच असल्यामुळे नेमक्या वेळी त्यातून सेलचा चीक बाहेर आलेला. अखेर इन्व्हर्टर. इन्व्हर्टर बसवायला आलेल्या पोराने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘काका, कुठले पॉइंट घ्यायचे? हॉलचा पंखा, किचनची ट्यूब, बेडरूम?’ काकांनी टँककडे बोट दाखवलं. पोराने पंप उलटा करून वॅट वाचले. पाच. ‘काका, एवढ्याशासाठी दीडशे एएचची बॅटरी? हिच्यावर अख्खी आळी बुडबुडेल!’ त्याने मनाने आणखी एक पंखा जोडून दिला. तो पंखा कुठे आहे विचाराल, तर टँकच्या बरोबर वर.

त्यालाही शास्त्र आहे. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. माशाची भूक मात्र उन्हाळ्यात वाढते. म्हणून मे महिन्यात लाईट गेली की पाण्यावर वारा हवा. बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. तेव्हा उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलात तर टँकला खेटून बसा, घरातला वारा तेवढ्यातच फिरतो. सगळं कुटुंब तिथेच बसलेलं असतं. बाहेरच्याला वाटतं, केवढी माया!

एक प्रसंग ते सहसा सांगत नाहीत, त्यांची पत्नी सांगते. एअर पंप टँकच्या खाली, जमिनीवर ठेवला होता. लाईट गेली, हवेचा दाब संपला आणि टँकमधलं पाणी त्याच बारीक नळीतून उलटं खाली यायला लागलं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगायचा, नाहीतर नळीत चाळीस-पन्नास रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायचा, हा पहिला धडा. तो यांनी नंतर वाचला. सतरंजी भिजली, मग काकूंचं छत. गुरुवारी पुण्यात लाईट नसते तशी बऱ्याचदा नळाला पाणीही नसतं. लाईट गेली म्हणून घरात पाणी आलेला इसम पेठांसकट सगळ्या पुण्यात हा एकच असावा.

त्यांच्या आयुष्यातला सुवर्णदिन मात्र गुरुवार नव्हता, सोमवार होता. 12 ऑक्टोबर 2020. त्यांचे साडू दादरला राहतात. साडूकडेही टँक आहे, त्यात डिस्कस, म्हणजे कायम कोमट पाण्यात राहणारे, लाडावलेले, महागडे मासे. बॅकअप काहीच नाही. प्रत्येक लग्नात साडूंचं एकच वाक्य ठरलेलं : ‘अहो, मुंबईत लाईट जातच नाही!’ हे ऐकून मच्छिंद्रनाथ मठ्ठ्याचा घोट घेत आणि वाट बघत. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, पोरांचे ऑनलाइन वर्ग कोसळले आणि कोथरूडमध्ये फोन वाजला.

‘दादा, ते बंद पडलंय सगळं. काय करू?’

इतक्या वर्षांच्या ओळखीत साडूंनी त्यांना पहिल्यांदा दादा म्हटलं होतं. मच्छिंद्रनाथ खुर्चीतून उठून उभे राहिले. पुढचे काही तास ते फोनवरून दादरचा टँक चालवत होते. तांब्या घे. उंचावरून सोड. खायला घालू नकोस. आतल्या वनस्पती... वनस्पती आहेत का? मग आणखी सांभाळ, अंधारात त्याही प्राणवायूच खातात. टँकभोवती चादर गुंडाळ, पाणी गार होता कामा नये. मुंबईची लाईट टप्प्याटप्प्याने परत येऊ लागली तेव्हा साडू हर्षाने फिल्टरच्या बटणाकडे धावले असावेत, कारण इकडे आमच्या जिन्यापर्यंत आवाज आला, ‘हात लावू नकोस!’

ते बरोबर होतं, हे मान्य केलं पाहिजे. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तास पाणी अडकून पडलं की आतले उपकारी जिवाणू प्राणवायूवाचून मरायला लागतात आणि ते पाणी नासतं. लाईट येताच बटण दाबलं तर ती सगळी नासाडी थेट टँकमध्ये. आधी डबा उघडून पाणी ओतून टाकायचं, आतला स्पंज टँकच्याच पाण्यात हलका खळबळायचा, मग सुरू करायचं. मच्छिंद्रनाथांचं मत असं की मासे लाईट जाण्याने कमी मरतात, लाईट येण्याने जास्त. साडूंचे डिस्कस वाचले. त्यानंतरच्या लग्नात साडूंनी मठ्ठा स्वतः वाढला.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ते दर वर्षी एक ठराव मांडतात : कॉमन जनरेटरवर लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाबरोबर एक पॉइंट आपल्या हॉलसाठीही द्यावा. सेक्रेटरी डिझेलचा भाव सांगतात. ते म्हणतात, पाच वॅट. सेक्रेटरी म्हणतात, उद्या कोणी पाच वॅटचा पोपट आणेल. ठराव बारगळतो आणि चहा येतो. वास्तविक त्यांना जनरेटरची गरज उरलेलीच नाही. घरात इन्व्हर्टर आहे, शिवाय आता यूएसबीवर चार्ज होणारा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा पंपही आहे. त्या पंपालाही दुसरा पंप आहे.

तळमजल्यावरच्या चिमुरडीने मध्यंतरी एक फायटर मासा आणला. बरणीएवढ्या टाकीत एकटा. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवाच घेतो, त्याच्या डोक्यात त्यासाठी खास अवयव असतो. पंप असो-नसो, त्याला फरक पडत नाही. मला वाटलं, मच्छिंद्रनाथांना हे आवडेल. त्यांनी बरणीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. ‘हा काय मासा? हा आपला आपण जगतो.’ तेव्हा मला त्यांचा खरा छंद कळला. माणूस मासे वाचवण्यासाठी बॅकअप ठेवतो असं आपण समजतो. इथे बॅकअप वापरायला मिळावा म्हणून मासे आहेत.

अलीकडे त्यांचं काही खरं नाही. आमच्या भागातली बरीचशी वायरिंग जमिनीखालून गेली. गुरुवार येतो, मासे बुधवारपासून उपाशी, इन्व्हर्टर फुल, तांब्या घासलेला, आणि लाईट काही जात नाही. दुपारी चारपर्यंत ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. गेल्या महिन्यात न राहवून त्यांनी तक्रार निवारण केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, ‘साहेब, किती वेळ झाला लाईट जाऊन?’

‘गेलीच नाहीये. गुरुवार आहे आज. कशी काय गेली नाही?’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो मुलगा अदबीने म्हणाला, ‘ग्राहक क्रमांक सांगा, घालवतो.’