न वाचता येणाऱ्या पानाची थोरवी

१९९४ साली अमेरिकेतल्या ‘रे गन’ या संगीत मासिकाने ब्रायन फेरी या इंग्रज गायकाची मुलाखत छापली आणि ती कुणाला वाचता येणार नाही, अशी चोख व्यवस्था केली. मासिकाचा कलादिग्दर्शक डेव्हिड कार्सन याने मुलाखत वाचली होती आणि त्याला ती रटाळ वाटली. तिच्यासाठी टाइप शोधताना तो आपल्याकडच्या फॉन्टची यादी चाळत पार तळाशी गेला. तिथे ‘झाफ डिंगबॅट्स’ होता. सगळी मुलाखत त्याने त्यात लावली आणि अंक छापायला गेला. छापील माध्यमात इतका निखळ वेडेपणा क्वचित घडतो. त्याचे गुणगान व्हायला हवे तेवढे झालेले नाही, म्हणून हा लेख.

आधी ते पान जवळून पाहू. झाफ डिंगबॅट्स या फॉन्टमध्ये अक्षरे नाहीतच, नुसती चिन्हे आहेत. हर्मान झाफ या जर्मन अक्षररचनाकाराचे हे काम १९७८ सालचे. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे दोन अत्यंत सुवाच्य टाइप ज्याने जगाला दिले, तोच हा माणूस. कळफलकावर इंग्रजी छोटा ‘ई’ दाबला की या फॉन्टमध्ये हिमकण उमटतो. ‘टी’चा होतो खाली टोक असलेला काळा त्रिकोण, ‘एस’चा वर टोक असलेला, ‘एन’चा काळा चौकोन. स्वल्पविराम दोन बोटे उंचावलेला विजयाचा हात होतो आणि पूर्णविराम होतो पेन्सिल. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारे अक्षर ‘ई’ असल्यामुळे असा मजकूर लावला की स्तंभभर हिम पडते आणि प्रत्येक वाक्य पेन्सिलीवर येऊन थांबते. यात एक शब्द गाळावा लागत नाही की एक अक्षर बदलावे लागत नाही. चिकाटीच्या वाचकाने चिन्हाला अक्षर लावत बसायचे ठरवले, तर आख्खी मुलाखत त्याच्या हाती लागावी. शिवाय तोच मजकूर साध्या टाइपात त्याच अंकाच्या शेवटी छापलेला होता. म्हणजे या वेडाने वाचकाला फसवले नाही. मुलाखतीबद्दलचे मत पुढच्या पानांवर दिले आणि मुलाखत मागे दिली.

शहाण्यांची बाजू मला माहीत आहे आणि ती हलकी नाही. बिआट्रिस वॉर्ड यांनी १९३० साली लंडनमध्ये मुद्रकांपुढे एक व्याख्यान दिले. चांगली छपाई पारदर्शक काचेच्या पेल्यासारखी असावी, लक्ष मद्याकडे जावे, पेल्याकडे जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. निम्मे शतक मांडणीचे शिक्षण या विचारावर उभे राहिले. रेल्वेचे वेळापत्रक, औषधाची चिठ्ठी, न्यायालयाचा निकाल यांना तो शंभर टक्के लागू आहे. पण संगीताच्या मासिकाला तो जसाच्या तसा का लागू व्हावा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

मासिकांच्या रूढींमागे साधी व्यावहारिक कारणे असतात. नाव मुखपृष्ठाच्या माथ्यावर का? तर स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून ठेवतात आणि फक्त वरची पट्टी दिसते. प्रत्येक महिन्याला तेच अक्षरवळण का? गिऱ्हाइकाने दुरून ओळखावे म्हणून. संगीतात याच्या जोडीला आणखी एक रूढी आहे, प्रकाराच्या गणवेशाची. ‘ब्लू नोट’ या जॅझच्या कंपनीसाठी रीड माइल्सने केलेली वेष्टने आठवा: एक-दोन रंग, रोखठोक टाइप, भरपूर मोकळी जागा. लंडनच्या पंकसाठी जेमी रीडने वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरे चिकटवली, खंडणीच्या पत्रात असतात तशी. हेवी मेटलवाल्यांनी नावाला काटे फोडले. गाण्याचा एक सूरही कानावर पडायच्या आत खोके कोणते, हे डोळ्यांना कळते. दुकानदाराची सोय होते, ऐकणाऱ्याचीही होते. त्यात गैर काही नाही.

अडचण होते ती खोक्यात बसायचे नाही म्हणणाऱ्यांची. १९८०च्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या रेडिओ केंद्रांवर वाजणाऱ्या, एकमेकांशी फारसे न जुळणाऱ्या बँडना ‘अल्टर्नेटिव्ह’ म्हणू लागले. खरे तर हे नाव नव्हतेच, नुसता नकार होता. पण बाजार नकारालाही खोके करून देतो. १९८८ मध्ये ‘बिलबोर्ड’ने या संगीतासाठी वेगळी क्रमवारी सुरू केली. १९९१ मध्ये ग्रॅमीत वेगळे पारितोषिक आले. जानेवारी १९९२ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिल्या क्रमांकावर गेला आणि पर्यायच मुख्य रस्ता झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात मार्व्हिन स्कॉट जॅरेट यांनी ‘रे गन’ सुरू केले. खोके मानत नाही म्हणणाऱ्या संगीताचे मासिक दिसावे कसे, हा प्रश्न तेव्हा अगदी खराखुरा होता. सुबक चौकटीतली तीन स्तंभांची मांडणी त्याला खोटे उत्तर ठरली असती.

कार्सनने दिलेले उत्तर शहाण्या माणसाला सुचण्यासारखे नव्हते. तो तसा घडलाही नव्हता. तो समाजशास्त्र शिकलेला, शाळेत तेच शिकवणारा आणि लाटांवर स्वार होणारा व्यावसायिक सर्फर होता. मांडणीचे रीतसर शिक्षण म्हणाल तर काही आठवड्यांच्या कार्यशाळा. ‘रे गन’मध्ये त्याने मासिकाचे नावच दर अंकाला नव्या अक्षरांत, नव्या जागी ठेवले. स्टॉलवरची वरची पट्टी म्हणजे मासिकाचे पोट, आणि त्यावरच हा घाव. स्तंभ एकमेकांना धडकत, ओळी एकमेकींवर चढत, शीर्षकातली अक्षरे अर्धी कापलेली असत. दोन पानांमधल्या शिवणीत शब्द बुडत. ओळख टिकवण्याचे सगळे ठरलेले मार्ग त्याने बंद केले आणि तरीही वाचक स्टॉलवर ते मासिक ओळखत. कारण दुसरे कुणी असे करायला धजत नव्हते.

हा नुसता हैदोस नव्हता, याचा पुरावा आधीच्या कामात आहे. ‘रे गन’च्या आधी कार्सन ‘बीच कल्चर’ नावाचे मासिक मांडत असे. त्याचे जेमतेम सहा अंक निघाले. त्यात एका अंध सर्फरवर लेख होता. लेखाची सुरुवात कार्सनने कशी केली? समोरासमोरची दोन पाने पूर्ण काळी. लाटेचा फोटो नाही, फळीवर उभा माणूस नाही, फक्त काळी शाई. मासिकाच्या धंद्यात ती दोन पाने म्हणजे वाया घालवलेला पैसा. पण मला तरी त्या लेखाची याहून अचूक सुरुवात सुचत नाही. जो माणूस पाहू शकत नाही, त्याच्याबद्दल वाचण्याआधी वाचकाने क्षणभर काही न पाहता थांबावे, हे कुठल्याही सुरेख छायाचित्राला जमले नसते.

वाचकाचा अपमान होतो, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. तो घेणाऱ्यांनी या वाचकाचे कान विचारात घ्यावेत. ‘नेव्हरमाइंड’मधल्या पहिल्याच गाण्याचे शब्द धड ऐकू येत नाहीत, हे जगजाहीर आहे. १९९१ मध्ये आलेल्या, ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडच्या ‘लव्हलेस’मध्ये गाणाऱ्यांचा आवाज गिटारच्या भिंतीमागे मुद्दाम पुरलेला आहे. लोकांनी हे अल्बम पुन्हा पुन्हा लावले, कान देऊन शब्द शोधले, चुकीचे ऐकले आणि तेच चुकीचे शब्द मैफिलीत मोठ्याने गायले. कष्ट पडले म्हणून कुणी पैसे परत मागितले नाहीत. ज्याने कानांना ही सवय लावली, त्याच्या डोळ्यांना मात्र दूधभात भरवायचा, याला मी आदर म्हणत नाही. ‘रे गन’ने या वाचकाला मोठा माणूस समजून वागवले.

सगळीच पाने साधली, असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी चांगल्या लेखाचा चुराडा झाला आणि त्या लेखकांची बाजू मी मनापासून घेईन. पण दर महिन्याला नव्याने चुकायची तयारी ठेवणाऱ्याकडूनच काळ्या पानांसारखे पान निघते. न चुकणाऱ्यांचे अंक नीटनेटके असतात आणि महिनाअखेर रद्दीत जातात.

पुढे जे झाले त्याचे मला वाईट वाटते. कार्सन १९९५ मध्ये ‘रे गन’मधून बाहेर पडला. त्याच वर्षी त्याच्या कामावरचे ‘द एंड ऑफ प्रिंट’ हे पुस्तक आले आणि हातोहात खपले. पेप्सी आणि नायकी यांसारख्या कंपन्या त्याच्याकडे आल्या. ‘रे गन’मधले फॉन्ट विकायला ‘गॅरेजफॉन्ट्स’ नावाची कंपनी आधीच निघालेली होती. बघता बघता झिजलेली, खरवडलेली अक्षरे शीतपेयांच्या जाहिरातींवर, सिनेमांच्या श्रेयनामावलीत, बुटांच्या खोक्यांवर आली. अल्टर्नेटिव्हला अखेर गणवेश मिळाला, आणि तो त्याच्याच बंडातून कापलेला होता. आता अक्षर खरवडले की ‘तरुण’ आणि ओळ वाकडी केली की ‘बंडखोर’, असे समीकरण ठरले. ‘रे गन’ २००० साली बंद पडले तोवर ते दृश्य नेहमीचे झाले होते.

या नकलाकारांना वेडे म्हणायला मी तयार नाही. त्यांनी मुलाखत वाचलीच नव्हती. कार्सनने वाचली, ती रटाळ आहे असे ठरवले, आणि ते मत छापायची जोखीम आपल्या नावावर घेतली. त्याच्या वेडात श्रम होते, निवड होती आणि ते त्या एका मजकुरापुरते होते. तयार फॉन्ट विकत घेऊन तोच पेहराव वाटेल त्या मजकुराला चढवणे हा हिशेबी शहाणपणा झाला.

म्हणून संगीतावर किंवा कशावरही अंक काढणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: कार्सनची अक्षरे उचलू नका. हातातला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्याला काळी पानेच हवीत असे प्रामाणिकपणे वाटले, तर ती छापा. तसा अंक निघाला, तर त्याचा पहिला वर्गणीदार मी होईन.