काउंटरवरचे भाऊ, बाळाचा डबा बदलून देणं थांबवा

प्रति,
बाळाच्या दुधाचे डबे काउंटरवरूनच बदलून देणारे मेडिकलवाले भाऊ,
भोर-वेल्हे पट्टा



तुमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हे भांडण तुमच्या एकट्याचं ठरेल आणि तुमच्यासारखं वागणारे बाकीचे सुटतील. पत्र उघडं लिहिलंय ते त्यासाठीच.

आई येते, म्हणते, "भाऊ, हे वरचं दूध बाळाला सोसत नाही. शीत शेंबूड येतो, कधी रक्ताची रेघ दिसते." तुम्ही बाळाचं वजन विचारत नाही, अंगावर पुरळ आहे का ते बघत नाही, आई अंगावर पाजते का तेही विचारत नाही. हात थेट मागच्या फळीवर जातो. "हा घ्या, लॅक्टोज फ्री. हलका असतो." झालं! तपासणी, निदान आणि उपचार, सगळं एका दमात. बालरोगतज्ज्ञाला एवढ्यासाठी एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं घासावी लागतात. तुम्हाला शटर वर करण्याएवढा वेळ पुरला.

माझ्या भाचीच्या बाळाच्या बाबतीत हेच घडलं, म्हणून हा राग. मुलगी दोन महिन्यांची. अंगावरचं दूध होतंच, जोडीला डबा सुरू झाला होता. गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले, पाजल्यावर पोर ओकायची, आणि पांढऱ्या सुती फडक्यावरच्या शीत लाल दोऱ्यासारख्या रेघा दिसायला लागल्या. तुमच्या लॅक्टोज फ्रीवर ती आणखी काही आठवडे काढत राहिली आणि वजनाचा काटा जागचा हलेना. त्या आठवड्यांचा हिशोब मला तुमच्याकडे मागायचा आहे.

आधी साधी गोष्ट समजून घ्या. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं विकर कमी पडलं की पोट फुगतं, पातळ शी होते. तान्ह्या बाळात हे बहुतेक वेळा जुलाबाच्या आजारानंतर काही दिवस किंवा आठवड्यांपुरतं होतं. या पोरीला नडत होतं ते दुधातलं प्रथिन, म्हणजे केसिन आणि व्हे प्रोटीन. साखर पोटात आंबते. प्रथिनाला मात्र शरीराची रोगप्रतिकारक शक्ती शत्रू समजते. रक्ताची रेघ, पुरळ, खुंटलेलं वजन हे त्या लढाईचे परिणाम. तुम्ही दिलेला डबा उलटा करून घटकांची यादी वाचली असतीत, तर त्यात दुधाचंच प्रथिन दिसलं असतं. गाईच्या दुधापासून बनलेल्या लॅक्टोज फ्री डब्यातून साखर काढलेली असते, प्रथिन जसंच्या तसं असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला गूळ काढलेली चिक्की द्यावी, तसा हा तुमचा इलाज.

तुमचा दुसरा सल्ला शेळीच्या दुधाचा. "धनगरवाड्यावरून आणा, शेळीचं हलकं असतं." आपल्याकडे रायरेश्वराच्या पठारापासून तोरण्याच्या पायथ्यापर्यंत शेळ्या आहेत, त्यामुळे हा सल्ला फुकट आणि पटणारा वाटतो. पण शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की गाईचं दूध न सोसणाऱ्या दहापैकी नऊ बाळांना शेळीचंही सोसत नाही. म्हशीच्या दुधाचंही तेच. वर शेळीच्या दुधात फॉलिक ॲसिड फार कमी असतं. तान्हं बाळ त्यावरच वाढवलं तर त्याला पांडुरोग होतो. तांदळाची पेज आणि बदामाचं दूध यांनी तर बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि अंग सुकत जातं.

मग बाळाला द्यायचं काय, हे तुम्ही विचारायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगते.

पहिलं उत्तर असं, की पुष्कळदा डबा घ्यावाच लागत नाही. आई अंगावर पाजत असेल तर पाजणं सुरू ठेवायचं आणि दूध तिने आपल्या ताटातून काढायचं. चहातलं दूध, दही, ताक, पनीर, खवा, पेढे बंद. दुधाची पावडर घातलेली बिस्किटं, टोस्ट आणि केकसुद्धा बंद. तूप चालेल का, ते डॉक्टरांना विचारायचं. बाळंतिणीला दूध-तूप घालून डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खाऊ घालणाऱ्या आपल्या घरांत हे पथ्य सासूला पटवणं कठीण जातं. तिथे तुमच्यासारख्या चार शब्द कळणाऱ्या माणसाने पाठिंबा दिला तर सुनेचा जीव हलका होतो. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. त्या काळात आईला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर लिहून देतात. वेल्ह्याच्या उतारांवर पिकणारी नाचणी आणि घरचे तीळ जोडीला आहेतच.

दुसरं उत्तर, डबा लागलाच तर. अशा बाळांसाठी बनवलेल्या डब्यात दुधाचं प्रथिन फोडून त्याचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात, इतके बारीक की बहुतेक बाळांची रोगप्रतिकारक शक्ती ते ओळखत नाही. याला एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला म्हणतात. दहापैकी साधारण नऊ बाळांना तो सोसतो. ज्या एखाद्याला तोही सोसत नाही, ज्याला जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली आहे किंवा ज्याचं वजन फार खुंटलं आहे, त्याच्यासाठी निव्वळ अमिनो ॲसिडचा डबा असतो. आणि ज्यावर एचए म्हणजे हायपोॲलर्जेनिक असं लिहून तुम्ही विकता, त्यातले बरेच डबे अर्धवट फोडलेल्या प्रथिनांचे असतात. ज्या बाळाला ॲलर्जी झालेलीच आहे, त्याच्यासाठी ते उपयोगाचे नाहीत. सोयाबीनचा डबा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नये, असं तज्ज्ञ सांगतात. नाव सारखं आणि झाकणाचा रंग सारखा म्हणून डबा सारखा होत नाही, एवढं तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

आणि निदान पक्कं कसं होतं, तेही ऐका. दूध बंद करून दोन ते चार आठवडे बघायचं. फरक पडला की डॉक्टरांच्या देखरेखीखाली दूध पुन्हा देऊन पाहायचं. त्रास परतला तरच ॲलर्जी म्हणायची. भाचीच्या मुलीचं असंच झालं. पुण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी आईचं दूध-दही बंद केलं, वरच्या दुधासाठी फोडलेल्या प्रथिनांचा डबा लिहून दिला आणि नंतर तपासून खात्री केली. फडक्यावरच्या लाल रेघा गेल्या, वजनाचा काटा पुढे सरकला. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयाबरोबर जाते, म्हणून साधारण वर्षाच्या सुमारास पुन्हा तपासून बघायचं असतं.

आता तुमचं नेहमीचं उत्तर, "डॉक्टर 50-60 किलोमीटरवर, पावसात रस्ते बंद, आम्ही नाही दिलं तर लोकांनी जावं कुठं?" अंतर खरं आहे. जुलैत केळदच्या किंवा पानशेतच्या पलीकडच्या वाडीवरून बाळाला घेऊन निघणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. एक फेरी म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते. पण डॉक्टर दूर आहे म्हणूनच तुमच्या शब्दाला वजन आहे, आणि ते वजन तुम्ही फळीवरचा माल खपवायला वापरलंत. अंतराचा दाखला देण्याआधी भोर आणि वेल्ह्याची सरकारी रुग्णालयं आठवा. आशाताई बाळ 42 दिवसांचं होईपर्यंत घरी येते, वजन करते, ते आठवा. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येतं, ते त्या आईला सांगा. यातलं एकही सांगायला पैसे पडत नाहीत. बहुधा म्हणूनच ते तुमच्या तोंडून कधी निघालं नाही.

पैशांचं म्हणाल तर हिशोब मांडू या. फोडलेल्या प्रथिनांचा 400 ग्रॅमचा डबा घ्या. त्यातून जेमतेम तीन लिटर दूध होतं. पाच किलोचं बाळ फक्त डब्यावर असेल तर दिवसाला साधारण पाऊण लिटर पितं. म्हणजे डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात-आठ डबे. आणि हा डबा साध्या डब्यापेक्षा कितीतरी महाग. भातशेती आणि रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हा खर्च झेपत नाही. मग घरात काय होतं? तीन चमच्यांऐवजी दोन चमचे पावडर पडते, पाणी तेवढंच राहतं. डबा पुरतो, बाळाला मात्र दूध पुरत नाही. म्हणून गरज नसलेल्या बाळाच्या माथी हा डबा मारणं हाही तितकाच मोठा अन्याय आहे. रडणारं, गुळणी टाकणारं प्रत्येक बाळ ॲलर्जीचं नसतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलने 2018 मध्ये दाखवून दिलं, की इंग्लंडमध्ये या खास डब्यांच्या चिठ्ठ्या 2006 साली वर्षाला सुमारे 1 लाख 5 हजार होत्या, त्या 2016 पर्यंत 6 लाखांवर गेल्या. एवढी बाळं अचानक आजारी पडल्याचं कुणाला दिसलं नव्हतं. वाढला होता तो डबे बनवणाऱ्या कंपन्यांचा वावर. जिथे डबा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो तिथे ही गत, तर जिथे तो तुमच्या हाताच्या इशाऱ्यावर मिळतो तिथे काय होत असेल?

कायद्याचंही सांगते, कारण तो तुमच्या दुकानाला लागू आहे. बाळाच्या दुधाच्या पर्यायांवरचा कायदा 1992 साली झाला आणि 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला. 2003 मध्ये तो आणखी कडक केला गेला. या डब्यांची जाहिरात करायची नाही, खपासाठी आईला गाठायचं नाही, फुकट नमुना, भेटवस्तू किंवा कुठलंही आमिष द्यायचं नाही. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायचं नाही. जाहिरातीची आणि आमिषाची कलमं मोडली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्तनपानासाठी झटणारी बीपीएनआय ही देशपातळीवरची संस्था 3 डिसेंबर 1991 रोजी आपल्याच वर्ध्यात स्थापन झाली. या कायद्याखाली तक्रार करण्याचा अधिकार सरकारने तिला आणि मुंबईच्या ॲकॅश या संस्थेला दिला आहे. कंपनीच्या माणसाने ठेवलेली भेटवस्तू "दोन डब्यांवर फ्री" म्हणून पुढे सरकवताना हे आठवत जा.

तुमच्याकडून मला माफीनामा नको. तीन कामं हवी आहेत.

एक, बाळाला त्रास होतो म्हणून कुणी दुसरा डबा मागितला तर बालरोगतज्ज्ञाची लेखी चिठ्ठी मागा. चिठ्ठी नसेल तर डबा देऊ नका. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू द्या.

दोन, डबा देताना झाकणाआतल्या चमच्याचं माप, उकळून घेतलेलं पाणी आणि पावडर पातळ न करणं, हे प्रत्येक घराला स्वतःच्या तोंडाने समजावून सांगा. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गढूळ होतं तेव्हा तर नक्कीच.

तीन, दूध पाजल्यावर काही मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत बाळाचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घुरघुरायला लागला किंवा बाळ निपचित पडलं, तर डब्याची चर्चा बंद करा आणि 108 ला फोन लावा. तुमच्या दुकानात फोन आहे, रेंज आहे. वाडीवर असेलच असं नाही.

यासाठी तुम्हाला डॉक्टर व्हावं लागणार नाही. डॉक्टर असल्यासारखं वागणं मात्र सोडावं लागेल. ही तिन्ही कामं मी मोठ्या अक्षरांत लिहून तुमच्या दुकानात आणून देणार आहे. औषधांच्या पाटीशेजारी, बायकांच्या नजरेच्या उंचीवर लावा. लावणार नसाल तर का लावत नाही, ते दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर सांगा. मी ऐकायला येईन, आणि आमच्या वाडीतल्या आशाताईंनाही घेऊन येईन.

कळावे,
भाचीच्या लेकीची आजी,
मु. पो. वेल्हे खोरे