मोत्यांच्या माळेचे कुलशील

मांसल वनस्पती, म्हणजे पानांत किंवा खोडांत पाणी साठवून अवर्षण काढणाऱ्या वनस्पती, अनेक कुलांत एकमेकींशी संबंध न ठेवता निर्माण झालेल्या असल्यामुळे केवळ गुबगुबीत अंगलट पाहून त्यांचे कुल ठरवता येत नाही. तरीही रोपवाटिकेतील ग्राहक दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ते ठरवत नाही. दोऱ्यात सोललेले मटार ओवावेत तशी दिसणारी आणि ‘स्ट्रिंग ऑफ पर्ल्स’ या नावाने विकली जाणारी वेल शेवंती, झेंडू व सूर्यफूल यांच्या कुलातील आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला सांगूनही पटत नाही.

जर्मन तज्ज्ञ हेरमान याकोबसेन यांनी १९६८ साली तिचे वर्णन सेनेसिओ रोलेयानस या नावाने केले व त्यात गॉर्डन रोली या ब्रिटिश अभ्यासकाचा गौरव केला. पुढे तिची रवानगी क्युरिओ या प्रजातीत झाली. कुंड्यांवरील पाट्यांना मात्र ही बातमी अद्याप पोचलेली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशात ती झुडपांच्या व खडकांच्या आडोशाने जमिनीवर पसरते आणि जागोजागी मुळे धरते, त्यामुळे लोंबणे हा तिचा स्वभाव नसून दिवाणखान्याची गरज आहे, असेच म्हणावे लागते.

तिचे पान गोल का, याचे उत्तर भूमितीत आहे. ठराविक पाणी साठवायचे असेल तर गोलाइतका कमी पृष्ठभाग दुसऱ्या कोणत्याही आकाराला लागत नाही आणि पृष्ठभाग कमी म्हणजे बाष्पीभवनही कमी; परंतु त्याच हिशेबाने प्रकाशही कमी मिळत असल्यामुळे प्रत्येक पानावर एक अर्धपारदर्शक उभी पट्टी असते, जिला ‘खिडकी’ म्हणतात व जिच्यातून प्रकाश थेट पानाच्या गाभ्यात शिरतो. ही खिडकी आणि पानाच्या टोकावरचे बारीक अणकुचीदार टोक पाहिले की तोतये ओळखता येतात: हृदयाकृती पानांची ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ ही सह्याद्रीतील कंदीलपुष्पांच्या प्रजातीतली, तर कासवाच्या पाठीसारखी नक्षी मिरवणारी ‘स्ट्रिंग ऑफ टर्टल्स’ चक्क मिरीच्या कुलातली. नावात ‘स्ट्रिंग’ असणे हे नात्याचे नव्हे, केवळ विक्रीचे लक्षण आहे.

कुलाचा निर्णायक पुरावा मात्र फुलातच सापडतो. या कुलात आपण ज्याला एक फूल समजतो तो वस्तुतः स्तबक, म्हणजे अनेक चिमुकल्या पुष्पकांचा दाटीने भरलेला फुलोरा असतो. सूर्यफुलात मधली बिंबपुष्पके आणि कडेची, पाकळीसारखी किरणपुष्पके असा दुहेरी संसार दिसतो. मोत्यांच्या माळेत किरणपुष्पकांना फाटा दिलेला असल्यामुळे तिचे पांढरे फूल दाढीच्या छोट्या ब्रशासारखे दिसते आणि त्याला दालचिनीसारखा वास येतो.

हे फूल भारतीय घरांत क्वचित दिसते, आणि त्याचे कारण क्रौर्य नसून प्रेम आहे. सकाळचे ऊन, थंड रात्री आणि बरेचसे दुर्लक्ष एवढेच ते मागते. यातील दुर्लक्ष ही वस्तू बागप्रेमी माणसाच्या घरात मिळत नाही. पाण्याने भरलेली पाने अंगावर वागवणाऱ्या झाडाला तहान लागली असेल, या कल्पनेने व्याकूळ होऊन रोज पेलाभर पाणी घातले जाते, तळाला कोकोपीट चिंब राहते, मुळे कुजतात आणि पाने सुरकुततात. त्या सुरकुत्या पाहून पाणी दुप्पट केले जाते. वास्तविक जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे मिसळलेली माती, तळाशी भोक असलेली उथळ कुंडी, आणि माती पूर्ण सुकल्यावरच पाणी, एवढ्यावर ही वेल संतुष्ट असते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, तिला छपराखाली ठेवावे लागते. ती छताजवळ टांगली तर कुंडीच्या माथ्यावर प्रकाश पोचत नाही आणि लांब केस राखूनही टक्कल पडण्याचा दुर्मीळ प्रकार घडतो. अशा वेळी लोंबणारा तुकडा कापून ओलसर वाळूवर आडवा ठेवल्यास पेरांतून मुळे फुटतात व टक्कल भरून निघते.

एवढे सारे जमून एखाद्या थंडीत पानांमधून बारीक दांडे वर आलेच, तर घरातील वडीलधारी मंडळी झाडाला काहीतरी झाले असावे असे समजून, काळजीपोटी, त्याला पाणी घालतात.